जर्मनीची ऑफर घ्यावी की जळगावातच राहावं? आधी उरणारा युरो मोजा

प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे भाऊ यावल तालुक्यातले, वय ३२, मेकॅनिकल इंजिनिअर, जळगाव एमआयडीसीत वर्षाला साडेनऊ लाख. मिसेस जीएनएम नर्स आहेत, खाजगी दवाखान्यात महिन्याला १८ हजार. मुलगी तीन वर्षांची, आईवडील गावाला, पाच एकर केळी. स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीने वर्षाला ५२,००० युरोची ऑफर दिलीये आणि दुबईतही एका ठिकाणी महिन्याला १२,००० दिरहॅमची बोलणी चालू आहेत. भाऊंचं म्हणणं की बावन्न हजार युरो म्हणजे बावन्न लाख, मग यात विचार तो काय करायचा, आणि सासरे म्हणताय तिथे कमवतात तिथेच संपतं, काही उरत नाही. खरं काय?

भाऊ, तुमचं आणि सासऱ्यांचं, दोघांचंही अर्धं बरोबर आहे. मी जळगावात वीसेक वर्षांपासून टॅक्सचं काम करतो, बाहेर गेलेल्या पोरांचे रिटर्न, त्यांची एनआरआय खाती, मागे राहिलेल्या आईवडिलांच्या एफडी, वावराचे उतारे असं सगळं माझ्या टेबलावर येतं, चोपडा, शहादा, अमळनेर, भुसावळ सगळीकडचे लोक आहेत. त्यामुळे लग्नात भेटल्यावर कोण काय सांगतं ते बाजूला ठेवून मी खात्यात काय दिसतं त्यावरून बोलतो.

पहिली गोष्ट, ५२,००० ला शंभरने गुणणं बंद करा. युरोचा भाव शंभरच्या आसपास आहे हे खरं, पण तो भाव फक्त त्या युरोला लागू होतो जो तुम्ही तिथून इकडे पाठवता. जो युरो तिथेच भाडं, किराणा, तिकीट यात जातो त्याची ताकद वेगळी. जागतिक बँक क्रयशक्तीचे आकडे काढते, त्यावरून हिशोब केला तर जर्मनीत एका युरोत जेवढं येतं तेवढं भारतात साधारण २७-२८ रुपयांत येतं, आणि ही सगळ्या भारताची सरासरी झाली, जळगाव-यावलला त्याहूनही स्वस्त पडत असेल. म्हणजे राहणीमानाच्या दृष्टीने तुमचे ५२,००० युरो हे भारतातल्या चौदा-साडेचौदा लाखांच्या पगारासारखे. बावन्न लाखांचे नाहीत. पण त्यातून महिन्याला ५०० युरो वाचवून तुम्ही इकडे पाठवले तर ते पूर्ण पन्नास हजार रुपये आहेत, त्यात कुणी काही कापणार नाही. म्हणून मी प्रत्येकाला आधी हेच विचारतो की वाचलेला पैसा कुठे खर्च करायचाय? पाच-सात वर्षांनी परत येऊन इथे घर, ठिबक, पोरीचं शिक्षण करायचं असेल तर तुमचा हिशोब शंभरच्या भावाने, आणि तिथेच कायमचं राहायचं असेल तर तो अठ्ठावीसच्या भावाने, मग तिथलं घर, तिथली गाडी, तिथलं म्हातारपण त्याच युरोत भागवायचंय. हे ठरल्याशिवाय दोन पगारांची तुलना करून काही हाती लागत नाही, आणि नेमकं हेच न ठरवता लोक निघतात.

आता सॅलरी स्लिप. ५२,००० भागिले १२ म्हणजे महिना ४,३३३ ग्रॉस. यातून पेन्शनला ९.३ टक्के, बेकारी विम्याला १.३, आरोग्य विम्याला पावणेनऊच्या आसपास, आणि म्हातारपणीच्या देखभालीचा एक विमा असतो त्याला १.८ टक्के, असे नऊशेच्या वर युरो आधीच कापले जातात, मग इन्कम टॅक्स. आता इथे एक गोष्ट आहे जी ऑफर लेटरवर लिहिलेली नसते. तिथे टॅक्स क्लास असतो. एकट्या माणसाला क्लास एक, आणि नवराबायकोत एकच कमावता असेल तर त्याला क्लास तीन घेता येतो, त्यात टॅक्स निम्म्याहून कमी होतो. पण क्लास तीनसाठी बायकोचं राहणं तिथे पाहिजे. लग्न झालेलं आहे पण फॅमिली यावलला आहे, तर तुम्ही क्लास एकच. आकड्यात सांगायचं तर क्लास एकला हातात साधारण २,७५० येतील, आणि फॅमिली सोबत असेल तर ३,१०० च्या आसपास, वर मुलीचे किंडरगेल्ड म्हणजे सरकारकडून मुलामागे मिळणारे पैसे, २०२६ पासून महिन्याला २५९ युरो. म्हणजे फॅमिली नेली की खर्च वाढतो हे बरोबर, पण महिन्याला सहाशे युरो उत्पन्नही वाढतं. "आधी एकटा जातो, दोन वर्षं पैसा जमवतो, मग तुम्हाला नेतो" हे गणित दुबईत चालतं, जर्मनीत तेवढं चालत नाही.

खर्चात भाड्याबद्दल सविस्तर बोलतो, बाकीचं पटकन उरकतं. तिकडे जाहिरातीत दोन भाडी लिहिलेली असतात, एक काल्ट आणि एक वार्म. काल्ट म्हणजे नुसत्या भिंतींचं भाडं, वार्म म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई वगैरे मिळवून, आणि लाईट बिल बहुतेक वेळा त्याच्याही बाहेर. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्ट भाडं. बऱ्याच फ्लॅटमध्ये किचन नसतं. किचनची खोली असते, पण तिच्यात ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, एका भिंतीतून पाण्याचे नळ बाहेर आलेले आणि शेगडीची वायर लोंबतेय, बाकी रिकामं. माझ्याकडच्या एका पोराने व्हिडिओ कॉलवर दाखवलं होतं, त्याच्या आईला वाटलं घराचं काम बाकी आहे अजून. आधीचा भाडेकरू आपलं किचन काढून घेऊन जातो, नाहीतर तुम्हाला विकतो, आणि नवीन साधं बसवलं तरी दीड-दोन हजार युरो जातात. म्हणून जाहिरातीत आइनबाउकुशे हा शब्द शोधायचा, म्हणजे किचन बसवलेलं आहे. स्टुटगार्ट शहर महाग आहे, तिघांना पुरेल असं घर वार्म १,३००-१,५०० च्या खाली मिळणं कठीण, अर्धा-पाऊण तास लांबच्या गावात हजार-अकराशेपर्यंत बघायला मिळतं. दॉइचलँड तिकीट महिन्याला ६३ युरो, त्यावर देशभर लोकल गाड्या, बस, ट्राम सगळं चालतं, त्यामुळे लांब राहिलात तरी प्रवासाचा खर्च तेवढाच. घर मात्र लवकर मिळत नाही, नवीन माणसाकडे तिथल्या सॅलरी स्लिप नसतात, क्रेडिट रेकॉर्ड नसतं, मालक दहा जणांतून निवडतो. कंपनी पहिले तीन महिने राहायची सोय देते का हे विचारून घ्या, हे पगारात हजार-दोन हजार युरो वाढवून मिळण्यापेक्षा मोठं आहे.

बाकी किराणा तिघांचा साडेचारशे-पाचशे, लाईट-इंटरनेट-मोबाईल मिळून सव्वाशे-दीडशे, रेडिओ-टीव्हीची सक्तीची फी १८.३६ (टीव्ही नसला तरी घरटी भरावीच लागते), मुलीच्या बालवाडीची फी गावागावाप्रमाणे बदलते, बर्लिनला बालवाडी फुकट आहे पण तुमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात नाही, शंभर-दोनशेपासून चारशेच्या वरपर्यंत धरून चाला. थंडीचे कपडे आणि वर्षातून एकदा तिघांची भारताची तिकीटं दोन-अडीच हजार युरो. हे सगळं वजा केलं की एका पगारात, नीट राहून, महिन्याला पाचशे-सहाशे युरो उरतात. म्हणजे पन्नास-साठ हजार रुपये.

आता इकडचं बघा. साडेनऊ लाखांवर तुम्हाला टॅक्स शून्य आहे, नवीन रेजिममध्ये पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत काही लागत नाही. पीएफ कापून तुमच्या हातात सत्तर-बहात्तर हजार, वहिनींचे अठरा, झाले नव्वद. गहू, ज्वारी, डाळी घरून येतात, टू बीएचकेचं भाडं दहा-बारा हजार. तुम्ही पीएफसकट चाळीस-पंचेचाळीस हजार आजही टाकत असाल बाजूला, नसाल टाकत तर ती वेगळी गोष्ट आहे आणि ती सवय जर्मनीत गेल्याने लागणार नाही. म्हणजे पहिल्या वर्ष-दोन वर्षांचा फरक महिन्याला दहा-पंधरा हजार रुपयांचा. त्यातून सुरुवातीचा खर्च, म्हणजे डिपॉझिट, किचन, फर्निचर, व्हिसा, तिकीटं असं मिळून सहा-सात लाख, तो भरून निघायलाच चार-पाच वर्षं. केळीत कसं, कांदेबाग (पावसाळ्यानंतरची केळीची लागण) लावली की वर्षभर पैसा नुसता वावरात जातो आणि माणूस घडाकडे बघत बसतो, तसं आहे हे, फक्त इथे वर्ष एकाच्या जागी चार धरा. सासरे म्हणताय ते इथपर्यंत खरं आहे.

पण हिशोब इथे थांबत नाही. तुमच्या घरातली मोठी ऑफर तुमची नाहीच, वहिनींची आहे.

जर्मनीला नर्सेसची फार गरज आहे. त्यांचा डिप्लोमा मान्य झाला, जर्मन बी टू लेव्हलपर्यंत (भाषेच्या ए वन ते सी टू अशा सहा पायऱ्यांतली चौथी) आली, की फुलटाइम नर्सला सुरुवातीलाच तीन हजार युरोच्या वर ग्रॉस मिळू शकतात. दोघांचा टॅक्स एकत्र धरून बघितलं तर घरात महिन्याला साधारण १,७५० युरो नव्याने येतात. आज त्यांना १८ हजार रुपये मिळताय, नाइट ड्युटी करून. मग महिन्याची शिल्लक पाच-सहाशेवरून दोन हजारांच्या वर जाते, बालवाडीचे तास वाढवले तरी. तो फरक मोठा आहे, पाच वर्षांत इथलं घर होईल एवढा. तुम्हाला जो व्हिसा मिळेल तो ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांचा तिथला कामाचा परवाना. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला जायच्या आधी जर्मनची परीक्षा दाखवावी लागत नाही आणि तिला कुठलंही काम करायची परवानगी पहिल्या दिवसापासून असते, पण नर्स म्हणून काम करायला रजिस्ट्रेशन वेगळं लागतं. तिथलं ऑफिस कागद बघून सांगतं की तुमच्या कोर्समध्ये काय कमी आहे, मग एकतर काही महिने दवाखान्यात ट्रेनिंग करा किंवा परीक्षा द्या, आणि तोपर्यंत नर्सिंग असिस्टंट म्हणून कमी पगारात काम करता येतं. शून्यापासून बी टू ला नोकरी आणि पोरगी सांभाळून वर्ष-दीड वर्ष लागतं, कुणी तीन महिन्यांत करून देतो म्हणत असेल तर पैसे देऊ नका.

मी हे एवढं लांबवतोय कारण मी बघितलंय की इंजिनिअर नवरा जातो, बायको शिकलेली असून तिथे तीन-चार वर्षं घरात बसते, भाषा येत नाही, थंडीत दुपारी साडेचारला अंधार पडतो, नवरा ऑफिसात इंग्रजीत बोलतो म्हणून त्यालाही भाषेची निकड वाटत नाही, आणि मग घरात जी कुरबुर सुरू होते तिच्यामुळे लोक परत येतात. परत येणारे पैशामुळे कमी येतात, यामुळे जास्त. म्हणून निर्णय दोघांनी मिळून घ्या. वहिनींना खरंच तिथे नर्सिंग करायचंय का, त्यांना भाषेचा हा डोंगर चढायचाय का, हे त्यांनाच विचारा आणि आई-बाबा समोर नसताना विचारा. त्या नाही म्हणाल्या तर पैशासाठी म्हणून जर्मनी तुमच्या कामाची नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

राहणीमानाचं म्हणाल तर तिकडे काही गोष्टी अशा आहेत ज्यांची किंमत रुपयात लावता येत नाही. आजारी पडलात तर सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते, तुमच्या रजेतून न कापता. पगारी सुट्टी कायद्याने कमीत कमी २० दिवस आहे पण बहुतेक कंपन्या २८-३० देतात, आणि सुट्टीत साहेबाचा फोन येत नाही. सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारी बायको आणि मुलगी फुकटात येतात. शाळेला फी नाही. संध्याकाळी पाच-साडेपाचला तुम्ही घरी, मुलीला घेऊन मैदानात. एमआयडीसीत तुम्ही शिफ्ट संपवून आठला घरी येत असाल तर मुलगी झोपायला आलेली असते, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

आणि काही गोष्टी जातात. रविवारी दुकानं बंद. स्पेशालिस्ट डॉक्टरची अपॉइंटमेंट काही आठवड्यांनी. स्टुटगार्टच्या भागात केरवोख म्हणून पद्धत आहे, जिना आणि घरासमोरचा रस्ता आठवड्याच्या पाळीने तुम्हीच झाडायचा, आणि शेजारी त्याच्याकडे लक्ष ठेवतात. चौथीनंतर मुलांच्या शाळांचे रस्ते वेगळे होतात, कुणी पुढे युनिव्हर्सिटीकडे, कुणी हाताच्या कामाकडे, त्यामुळे तीन वर्षांची मुलगी आत्ता गेली तर भाषा सहज उचलेल, आठ वर्षांची होऊन गेली असती तर मी वेगळा सल्ला दिला असता. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत विसरा, फ्लॅटमध्ये स्मोक अलार्म असतात, ओव्हनमध्ये वांगं भाजून त्याच्यावर कांद्याची पात आणि शेंगदाणे टाकायचे, जमेल तसं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येणं जमणार नाही, त्या वेळी सुट्टी मिळत नाही. पण बाडेन-व्युर्टेम्बर्गची उन्हाळी सुट्टी उशिरा असते, जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे श्रावणात आपल्या खानदेशची कानबाई देवी बसते तेव्हा पोरांना शाळा नसते. माझ्याकडची एक फॅमिली दरवर्षी कानबाईलाच येते, भाऊबंदांसोबत रोटाला, म्हणजे कानबाईच्या प्रसादाला, हजर असते. तिकीट त्या दिवसांत महाग पडतं, जानेवारीतच काढावं लागतं.

आईवडिलांचं सगळ्यात अवघड. बाबा साठीच्या पुढे असतील. फ्रँकफर्टहून मुंबई आठ-साडेआठ तास, पुढे मुंबईहून भुसावळ गाडीने रात्रभर, पुढे यावल. घरून निघाल्यापासून घरी पोहोचेपर्यंत चोवीस ते तीस तास, तेही तिकीट लगेच मिळालं तर. रात्री फोन आला तर सकाळी तुम्ही नसाल, हे आई-बाबांशी बसून बोलून घ्या, टाळू नका. माझ्याकडे अशी घरं आहेत जिथे हे आधी बोलणं झालेलं होतं, भाऊ किंवा पुतण्या किंवा गावातला एखादा दोस्त ठरलेला होता, दवाखाना ठरलेला, पैसे आईच्या खात्यात वेगळे ठेवलेले, आणि तिथे वेळ आली तेव्हा दुःख झालं पण धावपळ झाली नाही. आई-बाबांची मेडिक्लेम जायच्या आधी काढा, आधीपासून असलेल्या बीपी-शुगरला तीन वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं, ते जितक्या लवकर सुरू होईल तितकं चांगलं.

दुबईवर थोडं. टॅक्स नाही, १२,००० म्हणजे १२,००० हातात, चोवीसच्या भावाने दोन लाख ऐंशी-नव्वद हजार. एकटे राहिलात, शेअरिंगमध्ये, तर महिन्याला सात-आठ हजार दिरहॅम वाचवणारी पोरं आहेत, आणि हे जर्मनीपेक्षा कितीतरी जास्त आहे. फॅमिली नेली की चित्र फिरतं. वन बेडरूम वर्षाला साठ-सत्तर हजार दिरहॅम, ते चार किंवा कमी चेकमध्ये आगाऊ, पाच टक्के डिपॉझिट, पाच टक्के एजंट, लाईट-पाण्याचं डिपॉझिट २,०००, शिवाय वर्षाच्या भाड्याच्या पाच टक्के म्युनिसिपालिटीची फी लाईट बिलात येते. भारतीय शाळेची फी आहे, फॅमिलीचा विमा तुमच्याकडे. मग तीन हजार दिरहॅम वाचले तरी खूप. शेवटी ग्रॅच्युइटी मिळते, पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांची, पण ती बेसिकवर, त्यामुळे ऑफरमध्ये बेसिक किती लिहिलाय ते बघा. बारा हजारात बेसिक सहा हजार असेल तर वर्षाला ४,२०० दिरहॅम, बस. आणि व्हिसा नोकरीला बांधलेला, नोकरी गेली की काही महिन्यांत दुसरी शोधा नाहीतर परत या. तीन वर्षं एकट्याने जाऊन कर्ज फेडायचं असेल तर दुबई चांगली. तीन वर्षांची मुलगी सोडून एकट्याने राहायचं का, हे तुमचं तुम्ही ठरवा, मी तुमच्या जागी असतो तर नसतो गेलो. एजंटमार्फत जात असाल तर तो ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर रजिस्टर्ड आहे का बघा, त्याला कायद्याने ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत.

आता आपल्याकडच्या कागदांचं, कारण इथे लोक फसतात. वावर. एनआरआय झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, फार्महाऊसही नाही. आहे ती राहते, वारसाने येईल ती येते, पण बांधाला लागून दोन एकर विकायला निघाली आणि तुम्ही तिकडून पैसे पाठवून आपल्या नावावर खरेदीखत केलं तर तो फेमाचा (परकीय चलनाच्या कायद्याचा) भंग, दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. तलाठ्याकडे नोंद झाली, सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे सगळं कायदेशीर झालं असं समजू नका. वडिलांना गिफ्ट म्हणून पैसे पाठवता येतात, त्यावर टॅक्स नाही, ते त्यांच्या नावावर घेऊ शकतात, पण मग ती जमीन त्यांची आहे आणि पुढे तुमच्या बहिणीचाही त्यात तुमच्या इतकाच वारसा लागतो, हे घरात आधीच बोलून ठेवा. पुढे कधी तिथलं नागरिकत्व घेतलंत तर भारताचं सुटतं, ओसीआय कार्ड मिळतं, त्यावरही शेतजमीन घेता येत नाही.

सेव्हिंग खातं एनआरओ (एनआरआयचं इथल्या उत्पन्नाचं खातं) करून घ्या, बाहेरचा पैसा एनआरईत (बाहेरच्या कमाईच्या खात्यात) आणा. एनआरईचं व्याज इथे टॅक्स फ्री, पण जर्मनी तिथे राहणाऱ्याच्या जगभरच्या उत्पन्नावर टॅक्स लावते, त्यामुळे ते व्याज तिथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. इथल्या बँकेचा माणूस "पूर्ण टॅक्स फ्री" म्हणेल, तो दुबईवाल्यासाठी बरोबर सांगतोय, तुमच्यासाठी नाही. पीपीएफ चालू असेल तर मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवीन उघडता येत नाही. आणि जायची तारीख. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्याचे आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरले नाहीत तर त्या वर्षी तो अनिवासी, आणि तिकडच्या पगारावर इथे टॅक्स नाही. म्हणजे २८ सप्टेंबरच्या आत निघालात तर सोपं, नोव्हेंबर-डिसेंबरला गेलात तर त्या वर्षीचा जर्मनीतला पगारही इथल्या रिटर्नमध्ये दाखवून तिथे भरलेल्या टॅक्सची वजावट मागत बसावं लागतं. होतं ते, पण कटकट आहे.

पेन्शनचं जे कापलं जातं ते वाया जात नाही. ६० महिन्यांच्या आत परत आलात तर युरोप सोडल्यावर दोन वर्षांनी तुमचा हिस्सा परत मागता येतो, कंपनीचा हिस्सा मिळत नाही. साठ महिने पूर्ण झाले तर पैसे परत नाहीत, पण म्हातारपणी पेन्शन मिळते आणि ती भारतातही घेता येते. परत यायचं ठरलेलं असेल तर ५८व्या महिन्यात यायचं की ६२व्या, याचा तेव्हा बसून हिशोब करा.

ब्लू कार्डसाठी कमीत कमी पगाराची सर्वसाधारण मर्यादा २०२५ ला ४८,३०० युरो होती, २०२६ ला ५०,७०० झाली. दरवर्षी वाढते. तुमची ऑफर तिच्या थोडीच वर आहे, आणि पुढे नोकरी बदलायची किंवा कार्ड वाढवायचं म्हटलं की पगार बघितला जातो, म्हणून सही करायच्या आधी चौपन्न-पंचावन्न मागून बघा, कारणही सांगा, त्यांना ते माहिती असतं. डिग्री आपल्या जळगावच्या विद्यापीठाची असेल तर अनाबिन नावाच्या जर्मन डेटाबेसमध्ये विद्यापीठ आणि कोर्स दोन्ही बघा, तिथे स्पष्ट नसेल तर डिग्रीच्या तुलनेचं प्रमाणपत्र काढावं लागतं, त्याला वेळ जातो. कंपनीकडून चार गोष्टी लेखी घ्या: पहिले तीन महिने राहायची सोय, तिघांची जायची तिकीटं, ऑफिसच्या वेळेत जर्मनचा क्लास, आणि वहिनींच्या रजिस्ट्रेशनच्या कागदांसाठी मदत. शेवटचं मागायला लोक लाजतात, पण तिथल्या कंपन्यांना माणूस टिकायला हवा असतो, त्या करतात. तिथे बी वन झालं तर २१ महिन्यांत कायमचा परवाना मिळू शकतो, ए वन वर २७, तो मिळाला की नोकरी गेली तरी लगेच देश सोडायची पाळी येत नाही.

वहिनी हो म्हणाल्या तर जर्मनी घ्या, दुबईला नम्रपणे नाही कळवा. उद्याच दोघांनी जर्मनचा क्लास लावा, ऑफरवर सही व्हायची वाट बघू नका. आणि वहिनींच्या नर्सिंग कौन्सिलचे कागद, मार्कशीट, कोर्सच्या तासांचा तपशील, दवाखान्याचं अनुभव प्रमाणपत्र हे आत्ताच गोळा करायला लागा, कारण कॉलेजमधून तासांचा तपशील सही-शिक्क्यासकट काढायलाच सगळ्यात जास्त चकरा होतात.